गर्दीची भूक

मोरा हे उरण तालुक्यातले जुने बंदर. भाऊच्या धक्क्यावरून तासाभराचा समुद्र ओलांडून लाँच इथे लागते आणि धक्क्यावर एकच गडबड उडते. उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी पुढे सरकतात, कोळणींच्या टोपल्यांना वाट करून द्यावी लागते, ओहोटीला लाँच गाळात अडकली की अनोळखी माणसेही एकमेकांशी बोलू लागतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ही गडबड एका दिवसात थांबली.

मोरा कोळीवाड्यातच नव्हे, तर उरण-पनवेल पट्ट्यातल्या कोळी-आगरी घरांत चैत्र म्हणजे एकवीरा आईची यात्रा. लोणावळ्याजवळच्या कार्ला लेण्यांशेजारी देवीचे देऊळ आहे आणि चैत्र शुद्ध सप्तमीला तिथे पालखी निघते. २०२० ची सप्तमी ३१ मार्चला आली, तेव्हा टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा झाला होता. २०२१ ची सप्तमी आली ती दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. देवळांची दारे पुन्हा बंद झाली होती. लागोपाठ दोन चैत्र यात्रेविना गेले. मग १ एप्रिल २०२२ पासून राज्यातले करोनाचे निर्बंध उठले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ एप्रिलला, सप्तमी.

बाहेरच्या माणसाच्या नजरेने या यात्रेकडे पाहिले तर तिच्यात सुखाचे काही दिसणार नाही. एप्रिलचे ऊन, गडाच्या पायऱ्या, तासन्‌तास रांग, कानठळ्या बसवणारे बँड, पाण्यासाठी धडपड, घरी परतेपर्यंत पायांचे तुकडे. काही मंडळी तर कोळीवाड्यातून पालखी घेऊन थेट पायी निघतात. तरीही यात्रेहून आलेला माणूस दमलेला असतो, पण त्याचा चेहरा उजळलेला असतो. दोन वर्षांच्या खंडानंतर तर हा उजाळा अधिकच जाणवला. त्याच वर्षी आषाढीची वारी पुन्हा पायी निघाली, दहीहंडीचे थर लागले, गणपतीचे मांडव पुन्हा गजबजले. सगळीकडे तोच अनुभव होता: त्रास तेवढाच, आनंद मात्र पूर्वीपेक्षा जास्त.

हा आनंद नेमका कशाचा? भक्ती आणि परंपरा ही उत्तरे आहेतच. पण शरीराचेही एक उत्तर आहे, आणि गेल्या पंधरावीस वर्षांत शास्त्रज्ञांनी ते बऱ्यापैकी उलगडले आहे.

दहा तासांचा उपास

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एक साधा पण बोलका प्रयोग झाला. चाळीस निरोगी तरुण माणसांना एक दिवस दहा तास एकटे ठेवले. फोन नाही, गप्पा नाहीत, इंटरनेटवर कुणाशी बोलणे नाही. दुसऱ्या एका दिवशी त्याच माणसांना दहा तास अन्नाविना ठेवले. दोन्ही वेळा शेवटी त्यांच्या मेंदूचे एमआरआय तंत्राने निरीक्षण केले. उपाशी माणसाला जेवणाची छायाचित्रे दाखवली, एकट्या राहिलेल्याला माणसे एकत्र गप्पा मारत असल्याची छायाचित्रे दाखवली.

मेंदूच्या मधल्या भागात, खोलवर, ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा एक लहानसा पट्टा असतो. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणे, तिच्याकडे ओढ लागणे, याच्याशी या भागाचा आणि तिथल्या डोपामिन या रसायनाचा संबंध आहे. उपाशी माणसाच्या मेंदूतला हा भाग जेवण पाहून जसा जागा झाला, तसाच एकट्या राहिलेल्याच्या मेंदूतला हा भाग माणसे पाहून जागा झाला. हा अभ्यास २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे जग घरात कोंडले गेले होते तेव्हाच. प्रयोग मात्र साथीच्या आधीच पार पडले होते.

‘माणसांची भूक लागली’ असे आपण बोलीत म्हणतो, ते अलंकारिक नाही. शरीराला अन्नाची आठवण करून देणारी जी यंत्रणा आहे, तिचाच एक भाग माणसांची आठवण करून देतो. उत्क्रांतीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. टोळीपासून तुटलेल्या माणसाला अन्न मिळवणे, जनावरांपासून वाचणे, मूल वाढवणे यातले काहीच एकट्याने जमणारे नव्हते. एकटेपणा टोचला पाहिजे, म्हणजे माणूस परत कळपाकडे वळेल, अशी ही व्यवस्था.

साथीच्या काळात व्हिडीओ कॉलने ही भूक थोडी भागवली. नातवंडे दिसली, बारसेही पडद्यावर झाले. पण उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तरी जेवल्यासारखे वाटत नाही, तसेच काहीसे ते होते. पडद्यावर चेहरा दिसतो आणि आवाज ऐकू येतो. पण एका तालात हलणे, खांद्याला खांदा लागणे, एकाच वेळी हसू फुटणे हे तिथे नीट घडत नाही. आवाज क्षणभर मागे पडतो आणि दोन माणसांनी एकत्र आरती म्हणायचे ठरवले तरी सूर जुळत नाही. गर्दीतल्या आनंदाचा मोठा वाटा नेमका याच जुळण्यात असतो.

वल्ही एकदम पडतात तेव्हा

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघातल्या बारा जणांवर झालेला एक प्रयोग कोळीवाड्यात लगेच समजेल असा आहे. या खेळाडूंनी वल्हवण्याच्या यंत्रावर पाऊण तास व्यायाम केला. एकदा एकेकट्याने, एकदा सगळ्यांनी मिळून एका लयीत. व्यायामाआधी आणि नंतर त्यांच्या दंडावर रक्तदाब मोजायचा पट्टा फुगवून वेदना कितपत सहन होते ते पाहिले. मेहनत दोन्ही वेळा सारखीच होती. पण एकत्र वल्हवल्यानंतर वेदना सोसण्याची ताकद एकट्याने वल्हवल्यानंतरच्यापेक्षा बरीच जास्त वाढलेली आढळली.

वेदनेची मोजणी कशासाठी? आपला मेंदू एंडॉर्फिन नावाची रसायने तयार करतो. ती अफूच्या जातीची, वेदना कमी करणारी आणि मन हलके करणारी असतात. मेंदूतले त्यांचे प्रमाण थेट मोजणे अवघड असते. म्हणून शास्त्रज्ञ उलटा मार्ग घेतात: वेदना जास्त सहन होऊ लागली, तर एंडॉर्फिन वाढले असावे असा अंदाज बांधतात. बारा माणसांचा प्रयोग लहानच म्हणायचा. पण पुढे एकत्र नाचणाऱ्यांवर आणि गाणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांतही तेच चित्र दिसले. एका तालात शरीर हलले की सोसण्याची ताकद वाढते आणि शेजारचा माणूस जवळचा वाटू लागतो.

गाण्याचा गुण तर आणखी वेगळा आहे. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी नव्याने सुरू झालेल्या काही वर्गांवर सात महिने लक्ष ठेवले गेले. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. अखेरीस सगळ्याच वर्गांत मैत्र जुळले, पण गाणाऱ्यांचे सर्वांत लवकर जुळले. अनोळखी माणसांमधला संकोच गाणे झटपट मोडते. वारीत फडावरच्या अभंगाला, मांडवातल्या आरतीला किंवा यात्रेतल्या बँडला हे काम शतकानुशतके ठाऊक आहे.

आता गडाच्या पायऱ्यांचे गणित सुटते. ऊन तेच, पायऱ्या त्याच. पण सोबत ताल आहे, घोष आहे, पुढच्याचे पाऊल पडले की आपलेही पडते. शरीर स्वतःच स्वतःला वेदनाशामक देत असते. जाळे ओढताना एका सुरात हाळी देणाऱ्या नाखवा-खलाशांना हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही.

एकच हृदय, पण कुणाचे?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डर्कहाइम याने १९१२ च्या आपल्या ग्रंथात या अनुभवाचे वर्णन केले होते. माणसे एकत्र जमली, एकच कृती करू लागली की त्यांच्यात एक प्रकारची वीज खेळते आणि प्रत्येकाला आपण आपल्याहून मोठे झाल्यासारखे वाटते, असे त्याचे म्हणणे. शंभर वर्षांनी ही वीज मोजायचा प्रयत्न स्पेनमधल्या सॅन पेद्रो मान्रिके या खेड्यात झाला. तिथे जूनमध्ये निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी असतो. गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात, तसाच. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे लावली.

निखाऱ्यांवरून चालणाऱ्याचे हृदय जसे चढत-उतरत होते, तसेच बाजूला नुसते बसलेल्या त्याच्या नातेवाइकांचे आणि मित्रांचेही होत होते. बाहेरून पाहायला आलेल्या पाहुण्यांचे मात्र तसे झाले नाही. आग तीच, आवाज तोच, अंतर तेच. फरक एवढाच, की काहींसाठी तो चालणारा ‘आपला’ होता.

इथे गर्दीच्या विज्ञानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हाती लागते. गर्दीत आनंद होतो तो माणसे जवळ आली म्हणून नव्हे, तर ती आपली वाटली म्हणून. मुंबईची लोकल याचा रोजचा पुरावा आहे. ऐन गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, असे खुद्द रेल्वेचा हिशेब सांगतो. यात्रेच्या रांगेत एवढी दाटी क्वचितच असते. तरी लोकलमधून उतरलेला माणूस पिळून निघतो. पण त्याच डब्यात कोपऱ्यात भजनी मंडळ टाळ वाजवत असले, तर त्या कोपऱ्यातल्या माणसांचा प्रवास वेगळाच होतो. दाटी सारखीच असते. बदलते ते नाते.

याचा एक मोठा अभ्यास आपल्याच देशात, प्रयागच्या माघ मेळ्यात झाला आहे. तिथे हजारो ‘कल्पवासी’ महिनाभर गंगाकाठी तंबूत राहतात. पहाटे बर्फासारख्या पाण्यात स्नान, साधे जेवण, कडाक्याची थंडी आणि दिवसरात्र लाउडस्पीकर. वैद्यकीय पुस्तकाप्रमाणे पाहिले तर प्रकृती बिघडायला एवढे पुरे. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या गटाने चारशे सोळा कल्पवासींची प्रकृती मेळ्याच्या आधी आणि नंतर विचारून नोंदली. तुलनेसाठी घरी राहिलेल्या एकशे सत्तावीस जणांचीही नोंद घेतली. मेळ्यानंतर कल्पवासींना आपली प्रकृती आणि मनःस्थिती आधीपेक्षा बरी वाटत होती. घरी राहिलेल्यांत असा बदल नव्हता. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

याच गटाने आवाजाचाही प्रयोग केला. गोंगाटाचे एकच ध्वनिमुद्रण यात्रेकरूंना ऐकवले. काहींना सांगितले की हा मेळ्याचा आवाज आहे, काहींना सांगितले की शहरातल्या रस्त्याचा आहे. मेळ्याचा म्हणून ऐकणाऱ्यांना तोच गोंगाट सुखद वाटला आणि त्यांनी तो जास्त वेळ ऐकला. कानाच्या पडद्याला होणारी इजा अर्थातच दोन्हीकडे सारखीच. आवाज आपला वाटल्याने डेसिबल कमी होत नाहीत. लहान मुलाला बँडच्या कर्ण्यासमोर उभे करताना हे विसरू नये.

दोन वर्षे आपण ‘शेजारचा माणूस म्हणजे धोका’ हा धडा गिरवला. सहा फूट अंतर, दारातून परत पाठवलेले पाहुणे, खोकला ऐकताच वळणाऱ्या माना. ते त्या वेळी आवश्यकच होते. पण एप्रिल २०२२ मध्ये गडावर चढणाऱ्या माणसाला जे परत मिळाले, ते नुसते दर्शन नव्हते. शेजारचा अनोळखी माणूस पुन्हा ‘आपला’ झाला होता. त्याच्या हातची बाटली तोंडाला न लावता पाणी प्यायचे आणि पुढे द्यायची, एवढ्या साध्या गोष्टीत तो निचरा होता.

आनंदाच्या मुळाशीच धोका

आता नाण्याची दुसरी बाजू. जी भावना गर्दी सुखद करते, तीच आपल्याला बेसावध करते.

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांना घामाने भरलेला, वास मारणारा टी-शर्ट हाताळायला दिला. त्यावर आपल्याच विद्यापीठाचे चिन्ह असले, तर विद्यार्थ्यांना त्याची किळस कमी वाटली. नंतर हात धुण्याच्या द्रावणाकडे ते सावकाश गेले आणि ते वापरलेही कमी. दुसऱ्या विद्यापीठाचे चिन्ह असले की पावले झपझप उचलली. किळस हे शरीराचे राखणदार कुत्रे आहे, रोगजंतूंवर भुंकणारे. आपल्या माणसांवर ते भुंकत नाही. विषाणूला मात्र आपला-परका कळत नाही. बाहेरच्यांच्या गर्दीत मास्क लावणारा माणूस घरच्या साखरपुड्यात तो काढतो, आणि संसर्ग बहुधा तिथेच होतो.

म्हणून ‘श्रद्धा असेल तर काही होत नाही’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. उलट, जिव्हाळा जितका जास्त, तितकी काळजी जाणूनबुजून घ्यावी लागते, कारण ती आपोआप सुचत नाही. महाराष्ट्राने साथीत हे करून दाखवले. २०२० आणि २०२१ मध्ये संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. लाखोंच्या वारीची सवय असलेल्या समाजाने दोन आषाढ्या घरातून विठ्ठलाला हात जोडले. लालबागच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्ती न बसवता ‘आरोग्य उत्सव’ केला आणि रक्तदान, प्लाझ्मादान घडवले. गर्दीची भूक असतानाही ती दोन वर्षे रोखून धरली, म्हणून २०२२ चे सुख निर्भेळ झाले.

गर्दीचा दुसरा धोका जंतूंचा नाही, निव्वळ वजनाचा आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे माणसे गेली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर तेवीस जण गेले. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून अधिक माणसे आली की कुणालाच आपल्या मर्जीने हलता येत नाही. गर्दी पाण्यासारखी लाटांनी हलू लागते. अशा वेळी बहुतेक मृत्यू पायदळी तुडवले गेल्याने नव्हे, तर उभ्या-उभ्या छाती दबून श्वास अडकल्याने होतात.

म्हणून काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात. दोन्ही बाजूंची माणसे एकाच वेळी अंगाला लागू लागली, हात वर घेणे जमेना, तर ती निघण्याची वेळ समजावी. दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीपुढे धरावेत, म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेच्या विरुद्ध जोर लावू नये. लाट ओसरली की तिरके सरकत कडेला यावे. चप्पल, मोबाइल पडला तर वाकू नये. लहान मुलाला कडेवर नव्हे, खांद्यावर घ्यावे. जिना, उतार आणि अरुंद दरवाजा ही सर्वांत धोक्याची ठिकाणे. तिथे थांबून छायाचित्रे काढू नयेत.

ज्यांची भूक मेली

एमआयटीच्या प्रयोगातली एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. दहा तासांच्या एकांतानंतर माणसांची ओढ सगळ्यांनाच सारखी वाटली नाही. जी माणसे आधीच्या काळात दीर्घकाळ एकटी होती, त्यांच्या मेंदूतला तो प्रतिसाद क्षीण होता. फार दिवस जेवण मिळाले नाही की भूक मरते, तसेच.

साथीनंतर सगळेच गर्दीत परतले नाहीत. बायको गेल्यानंतर भजनाला जायचे बंद झालेले आजोबा, गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षे घरात बसलेल्या आणि मग कायमच्या बसलेल्या आजी, लोकांत गेले की छातीत धडधडते म्हणून लग्नाची निमंत्रणे टाळणारी तरुण मुलगी. ‘त्यांना आता आवडत नाही’ असे घरचे सांगतात. नीट पाहिले तर अनेकदा नावड नसते, भूक मेलेली असते. ही माणसे स्वतःहून मागणार नाहीत, म्हणूनच त्यांची विचारपूस जास्त करायला हवी.

याला निव्वळ भावनेचा प्रश्न समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक नात्यांवर एक आयोग नेमला. त्याच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा जणांपैकी एकाला एकटेपणाने ग्रासले आहे आणि वर्षाला आठ लाख एकाहत्तर हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. एकटेपणाने पक्षाघात, हृदयविकार, मधुमेह, स्मरणशक्तीची घसरण आणि नैराश्य यांचा धोका वाढतो. रक्तदाबाच्या गोळीची आठवण आपण आईला रोज करून देतो. महिन्यातून किती वेळा ती चार माणसांत बसली, हे मात्र विचारत नाही.

मेलेली भूक परत आणायची पद्धत पोटाच्या भुकेसारखीच आहे. उपास सोडताना एकदम पुरणपोळी देत नाहीत. तसेच दोन वर्षे घरात बसलेल्या माणसाला थेट विसर्जन मिरवणुकीत नेऊ नये. आधी अंगणात किंवा जेट्टीवर संध्याकाळचे बसणे, मग शेजारचे हळदीकुंकू, मग हरिपाठ, मग लहान जत्रा. पहिल्या वेळी सोबत एक ओळखीचा माणूस हवा आणि ‘वाटले तर लगेच परत येऊ’ ही हमीही हवी. ही हमी असली की माणूस बहुधा थांबतो. जागा हवेशीर, शक्यतो उघड्यावर असावी. मोकळ्या हवेत श्वसनाच्या आजारांचा संसर्ग बंद खोलीपेक्षा पुष्कळ कमी होतो. बसायची सोय आणि स्वच्छतागृह आहे का हे आधी पाहावे. अनेक वृद्ध स्त्रिया याच एका कारणासाठी यात्रा टाळतात आणि लाजेने सांगत नाहीत.

मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी लांबच्या यात्रेआधी डॉक्टरांना भेटावे, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि उपवास करून चढण चढू नये. साठीपुढच्यांनी इन्फ्लुएन्झाच्या लशीबाबत डॉक्टरांना विचारावे. सर्दी-खोकला असेल त्याने त्या दिवशी मास्क लावावा किंवा घरी थांबावे. आपली जत्रा चुकते, पण कुणाची आजी वाचते.

गर्दीत गेले की छाती धडधडते, घाम फुटतो, आता जीव जातो असे वाटते, आणि हे वारंवार होते, तर त्याला भित्रेपणा म्हणू नये. हृदयाची तपासणी करून ते ठीक असेल, तर हा घबराटीचा विकार असू शकतो. त्यावर समुपदेशन आणि टप्प्याटप्प्याने सराव, गरज पडल्यास औषध, असे चांगले उपचार आहेत. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि ज्यांची माणसे साथीत गेली, त्यांच्यासाठी परतलेली गर्दी दुधारी असते. दर वर्षी पालखीला खांदा देणारा भाऊ यंदा नाही, हे गडाच्या पायथ्याशी जेवढे जाणवते, तेवढे घरात जाणवत नाही. त्या दिवसांत किती तरी अंत्यविधी चार माणसांत उरकावे लागले. रडायला गाव जमला नाही. दुःखालाही गर्दी लागते. आपल्याकडे भेटायला येणे, दहावे, तेरावे यांमागे हेच शहाणपण आहे. अशा घरातल्या माणसाला यात्रेच्या रांगेत रडू आले, तर त्याला गप्प करू नये आणि एकटेही सोडू नये. दोन वर्षे अडून राहिलेले काही तिथे मोकळे होत असते.

आहार, व्यायाम, झोप ही आरोग्याची तिन्ही सूत्रे आपल्याला पाठ आहेत. साथीने त्यांच्या शेजारी चौथे सूत्र लिहून ठेवले: महिन्यातून एकदा तरी, जमेल त्या प्रकृतीने आणि जमेल तेवढी काळजी घेऊन, आपल्या माणसांच्या गर्दीत जावे. मग ती गडावरची रांग असो, नारळी पौर्णिमेला बंदरावर जमलेला कोळीवाडा असो, की गल्लीतल्या मांडवातली रोजची आरती. आणि जाताना शेजारच्या दाराची कडी वाजवावी. आत कुणीतरी असते, ज्याने बरेच दिवस भूक लागल्याचे सांगितलेले नसते.